मधल्या वर्षांचा पगार

नोकरीवरून बेकायदा काढलेला माणूस कोर्टात जातो. पाच-सहा वर्षांनी निकाल त्याच्या बाजूने लागतो आणि तो पुन्हा कामावर रुजू होतो. मग त्या मधल्या वर्षांच्या पगाराचे काय? मालक म्हणतो, काम केले नाही तर दाम कसला. कामगार म्हणतो, मी रोज यायला तयार होतो, गेट तुम्ही बंद केलेत. दोघांचेही म्हणणे ऐकायला बरोबर वाटते. कायद्याला मात्र यातले एकच निवडावे लागते.

या प्रश्नाचे आज देशभर दिले जाणारे उत्तर छत्रपती संभाजीनगरातल्या एका प्राथमिक शाळेच्या वादातून आले आहे. कामगार कोणत्याही राज्यातला असो, कारखान्यातला असो की महामंडळाचा, मागील पगाराचा मुद्दा निघाला की वकील या खटल्याचे नाव घेतात: दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १२ ऑगस्ट २०१३ चा आहे. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते, म्हणून निकालपत्रात तेच सापडते.

हकीगत साधी आहे आणि खासगी शाळांत काम केलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. सुरवसेबाई नंदनवन विद्यामंदिर या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. २००५ मध्ये महानगरपालिकेने शाळेच्या इमारतीवर कर लावला आणि तो भरायला कर्मचाऱ्यांनी पगारातून पैसे द्यावेत, असे मुख्याध्यापिकेने कळवले. बाईंनी नकार दिला आणि त्यांच्या हातात एकामागून एक मेमो पडू लागले. त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिले. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांना निलंबित केले गेले. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी या निलंबनाला मान्यता दिली नाही.  संस्थेने ते बाजूला ठेवले, चौकशी समिती नेमली, एकतर्फी चौकशी उरकली आणि १५ जून २००७ रोजी सेवा संपवल्याचा आदेश काढला.

इथे एक कायदेशीर गाठ आहे, ती सोडवल्याशिवाय पुढचे कळणार नाही. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नव्हता. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात, ए. सुंदरंबल प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हे ठरवून टाकले. म्हणजे कारखान्यातला शिपाई कामगार न्यायालयात जाऊ शकत होता, शिक्षिका जाऊ शकत नव्हती. महाराष्ट्रात ही पोकळी १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन कायद्याने भरून काढली होती. त्यात शाळा न्यायाधिकरण आहे, कलम ९ खाली अपील आहे, आणि चौकशी समिती कशी असावी याचा पक्का नियम आहे: संस्थेचा एक सदस्य, कर्मचाऱ्याने स्वतः सुचवलेला एक, आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला एक. काढण्याच्या आधी माणसाचे म्हणणे ऐकले गेलेच पाहिजे, हे या रचनेत गृहीत आहे.

बाई औरंगाबादच्या शाळा न्यायाधिकरणात गेल्या. जून २००९ मध्ये न्यायाधिकरणाने बडतर्फीचा आदेश रद्द केला, आरोप पोकळ ठरवले, कामावर परत घ्यायला सांगितले आणि काढल्या दिवसापासूनचा पूर्ण पगार द्यायला सांगितले. संस्था उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. तिथे निकाल अर्धा राहिला. नोकरी परत मिळाली, मागचा पगार गेला. खंडपीठाने आधार घेतला तो सर्वोच्च न्यायालयाच्याच २००७ च्या जे. के. सिंथेटिक्स निकालाचा. बडतर्फी रद्द झाली म्हणून मागील पगार आपोआप मिळत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. त्या वर्षांत न्यायालयांचा कलही तसाच होता. बाई दिल्लीला गेल्या.

न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी आणि व्ही. गोपाल गौडा यांनी जे लिहिले, त्याचा गाभा असा. बडतर्फी बेकायदा ठरली तर सेवेत सलगता आणि मागील पगारासह परत घेणे हाच सर्वसाधारण नियम आहे. सेवा किती झाली, गैरवर्तन सिद्ध झाले असेल तर ते कोणत्या प्रकारचे, मालकाची आर्थिक स्थिती कशी, हे पाहून न्यायालय त्यात कमीजास्त करू शकते. आपण मधल्या काळात कुठे पगारी काम करत नव्हतो, एवढे काढलेल्या माणसाने सांगायचे. 'नाही, तो कमावत होता' असे मालकाला म्हणायचे असेल तर पुरावा मालकाने द्यायचा. सुरवसेबाईंनी ते सांगितले होते, संस्थेने उलट काहीच दाखवले नव्हते. खटला रेंगाळतो तो कामगाराच्या दोषाने नाही, तेव्हा त्या वर्षांचा भुर्दंड त्याच्यावर टाकू नये, हेही निकालात आहे. जे. के. सिंथेटिक्समधले उलट मत तीन न्यायाधीशांच्या आधीच्या निकालांशी विसंगत असल्याने ते चांगला कायदा नाही, असेही खंडपीठाने स्पष्ट म्हटले. पैसे चार महिन्यांत द्या, नाहीतर नऊ टक्के व्याज.

तीन न्यायाधीशांच्या त्या निकालांतला मुख्य १९७८ चा, हिंदुस्थान टिन वर्क्सचा. मागील पगार हा नियम, कपात हा अपवाद, ही भूमिका तिथे आधीच मांडलेली होती. गंमत म्हणून नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखे हे की त्या खटल्यात कंपनीची बिकट अवस्था पाहून न्यायालयाने शेवटी ७५ टक्केच पगार दिला. नियम पूर्ण, आकडा परिस्थितीप्रमाणे.

मला या निकालातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो कुटुंबाविषयीचा. नोकरी एकाची जाते, उपासमार घराची होते. मुलांचे शिक्षण अडते, नातेवाइकांकडे हात पसरावे लागतात, आणि हे सगळे निकाल लागेपर्यंत चालते, हे न्यायमूर्तींनी सरळ लिहिले आहे. मागील पगार नाकारणे म्हणजे चूक करणाऱ्या मालकाला बक्षीस देणे. मला हे शंभर टक्के पटते. बेकायदा काढून टाकण्याची किंमत फक्त 'परत घ्या' एवढीच असेल, तर काढणाऱ्याचे काहीच जात नाही. पाच वर्षांचा पगार वाचतो, बाकीच्या माणसांना धाक बसतो, आणि लढणारा मधेच थकला तर तेही मिटते.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा नियम सगळ्यांना सारखा पावत नाही. रोजंदारीवरच्या, हंगामी किंवा थोडी वर्षे झालेल्या माणसाला काढताना फक्त नोटीस आणि भरपाईची पद्धत पाळली नसेल, तर न्यायालये आता बहुधा नोकरी परत न देता एकरकमी भरपाई देतात. बीएसएनएल विरुद्ध भुरुमल या २०१३ च्या निकालाने ही वाट रुंद केली. आणि आपल्या औद्योगिक वसाहतींत आज कोण आहे? कंपनीच्या मस्टरवरचा कायम कामगार कमी, ठेकेदाराकडचा हेल्पर जास्त. सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर तेच मशीन, तीच पाळी. वर्षात २४० दिवस भरले की छाटणीसाठी एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. दिवस भरल्याचे दाखवायची जबाबदारी कामगारावर असते. ब्रेकचा सगळा हिशेब या एका आकड्याभोवती फिरतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता आणि अनुचित श्रम प्रथा प्रतिबंध कायद्याने हे ओळखले होते. माणसांना वर्षानुवर्षे बदली, हंगामी, तात्पुरते म्हणून राबवायचे आणि कायम कामगाराचे हक्क द्यायचे नाहीत, याला तो कायदा अनुचित प्रथा म्हणतो. मुंबईच्या गिरण्यांचा अनुभव या कलमामागे आहे.

आता पगाराकडे वळू, कारण बेकायदा बडतर्फी बहुतेक वेळा पगाराच्या भांडणातूनच निघते. कपातीबद्दल विचारले, ओव्हरटाइम मागितला, पीएफ भरला का म्हणून चौकशी केली, आणि सुपरवायझरने सांगितले, 'उद्यापासून येऊ नको.'

पगार वेळेवर मिळावा ही मागणी मराठी माणसाने १८८४ साली लिहून दिली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, हेही होते. म्हणजे तेव्हा तोही मिळत नव्हता. रविवारची सुट्टी १८९० मध्ये पदरात पडली. पगाराच्या तारखेसाठी मात्र १९३६ चा वेतन प्रदान कायदा यावा लागला. त्याआधी बसलेल्या शाही श्रम आयोगात कामगार नेते ना. म. जोशी सदस्य होते. दंड आणि कपातींना लगाम घातला तो या कायद्याने. पंधराची तारीख सातवर आली, मोठ्या आस्थापनांसाठी दहावर.

तो कायदा आता इतिहासात जमा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, आणि वेतन संहितेने १९३६ चा कायदा, किमान वेतन, बोनस आणि समान वेतन असे चार कायदे आपल्या पोटात घेतले. कामगारांच्या बाजूने पाहिले तर या संहितेत काही गोष्टी खरोखर चांगल्या आहेत. जुना कायदा अखेरीस महिना २४ हजारांपर्यंतच्या पगारालाच लागू होता. नव्यात ती मर्यादा नाही. महिन्याचा पगार सर्वांना पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. आणि नोकरी सुटली, मग ती बडतर्फी असो, छाटणी असो की स्वतःहून दिलेला राजीनामा, सगळा पगार दोन कामाच्या दिवसांत. 'फुल अँड फायनल दीड महिन्याने, एचआरला भेटा' हे उत्तर पगारापुरते तरी आता कायद्यात बसत नाही.

पगाराच्या स्लिपवरची डावी बाजू सगळे वाचतात. उजवी वाचायला शिकले पाहिजे. समजा पगार १५,६०० रुपये आहे आणि महिन्याचे २६ दिवस धरले जातात. एका दिवसाचे ६०० झाले. दोन खाडे झाले तर १,२०० रुपये जाणार, हे रास्तच. पण स्लिपवर दोन खाड्यांचे २,४०० दिसले तर वरचे १,२०० हा दंड आहे, नाव काहीही दिलेले असो. दंडाला स्वतंत्र नियम आहेत. कोणत्या चुकीला दंड, ती यादी सरकारकडून मंजूर झालेली आणि कामाच्या ठिकाणी लावलेली हवी. माणसाला आधी खुलाशाची संधी हवी. महिन्याचा सगळा दंड पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे या उदाहरणात ४६८ रुपये. तो हप्त्यांनी वसूल करता येत नाही आणि ९० दिवस उलटल्यावर अजिबात करता येत नाही. तुटलेल्या टूलचे किंवा रिजेक्ट झालेल्या मालाचे पैसे कापायचे, तर नुकसान त्याच माणसाच्या निष्काळजीपणाने झाले हे दाखवावे लागते आणि त्याचे म्हणणे ऐकावे लागते. रक्कम प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. पाळीतल्या दहाही जणांच्या पगारातून सरसकट दोनशे कापणे या कसोटीला उतरत नाही.

पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर, जून आणि डिसेंबरमधली कामगार कल्याण निधीची लहान रक्कम, घेतलेली उचल, सोसायटीचा हप्ता या कपाती कायदेशीर. सगळ्या मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. ईएसआयचा कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का आहे, मालकाचा सव्वातीन. मालकाचा हिस्साही आपल्याच पगारातून कापलेला आढळला तर तो बेकायदा. आणि पीएफ कापला पण भरला नाही, हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. दर महिन्याला मोबाइलवर पासबुक उघडून पाहायला एक मिनिट लागतो. ते पाहायचे राहते आणि कंपनी बंद पडल्यावर तीन वर्षांचा भरणाच नाही, हे कळते.

कायदा नेहमी कामगाराच्याच बाजूने बोलतो असे नाही. मुंबईतल्या बँक ऑफ इंडिया विरुद्ध टी. एस. केळावाला या खटल्यात कर्मचाऱ्यांनी चार तासांचा संप केला आणि बँकेने पूर्ण दिवसाचा पगार कापला. उच्च न्यायालय कर्मचाऱ्यांच्या बाजूने होते, पण १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेला कपातीचा अधिकार आहे असे ठरवले. दहा किंवा अधिक कामगार नोटीस न देता एकत्र गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्यातही आहे. संप करायचा तर नोटीस देऊनच, हे युनियनच्या जुन्या माणसांना पाठ असते.

चुकीच्या कपातीविरुद्ध दावा करायला पूर्वी बारा महिने होते, आता तीन वर्षे आहेत. अडकलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी अखेर कंपनीवर येते. 'तो आमचा माणूस नाही' हे उत्तर पगाराच्या बाबतीत पुरत नाही.

बडतर्फीच्या मुदती मात्र आखूड आहेत आणि माणसे हरतात ती बहुधा इथे. १९७१ च्या कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार ९० दिवसांत करावी लागते. सूड म्हणून काढणे, उघड खोट्या कारणाने काढणे, चौकशी डावलून किंवा अवाजवी घाईने काढणे, किरकोळ चुकीला जबर शिक्षा देणे, हे सारे त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच क्रमांकावर आहे. खासगी शाळेतल्या कर्मचाऱ्याचे अपील तीस दिवसांत. औद्योगिक विवाद कायद्याखाली थेट दाद मागायला तीन वर्षे मिळत. औद्योगिक संबंध संहितेने ती दोन केली. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर पंचेचाळीस दिवसांत तोडगा निघाला नाही तर न्यायाधिकरणात जाता येते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागते, आणि 'साहेब बोलावतील म्हणून वाट पाहिली' हे कारण दर वेळी चालत नाही. काढणाऱ्यांना हे माहीत असते. म्हणून 'जरा थांब, तुझे बघतो' हा निरोप येत राहतो आणि नव्वद दिवस सरतात.

सुरवसेबाई जिंकल्या, कारण त्यांच्याकडे कागद होते. प्रत्येक मेमोला त्यांनी उत्तर दिले होते, निलंबन अमान्य केल्याची सरकारी पत्रे होती, पगारी काम करत नसल्याचे त्यांनी वेळेवर सांगितले होते. हे कोणालाही करता येते. तोंडी काढले असेल तर त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा: अमुक तारखेला मला गेटवर अडवले, मी कामावर यायला तयार आहे. पोच जपून ठेवा. राजीनाम्यावर सही मागितली आणि तो तुमच्या मनाने नसेल तर सही करू नका. दबावाखाली केली असेल तर लगेच लेखी कळवा, कारण महिनाभराने ते म्हणणे फिके पडते. 'सर्व हिशेब मिळाला' असे छापलेल्या कागदावर पैसे मोजून घेण्याआधी सही करू नका. पगाराच्या स्लिपा, गेटपास, ठेकेदाराचे ओळखपत्र, हजेरीच्या नोंदींचे फोटो, बँकेचे पासबुक, पाळीच्या ग्रुपवरचे संदेश, यातूनच २४० दिवस सिद्ध होतात.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून बरेच जण थांबतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला, आणि उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीला, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. नोकरी गेली त्या आठवड्यातच तिथे जा.